दाराजवळचं स्टूल

१

चूक बापाची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी त्यार्कच्या डोक्यावर खापर फोडायला नको. डेर्क वीर्सेमा, वय अडुसष्ट, निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोलायला शिकवलं या माणसाने, आणि स्वतःच्या पोराच्या हातात किल्ली ठेवताना एक वाक्य गिळलं.

"हिल्ये आत्याचं घर रिकामंच आहे," तो म्हणाला होता. "पुढच्या महिन्यात विकायला काढू. त्याआधी दोन रात्री राहून ये. बायकोला तुझं शहर दाखव."

"कुणी असतं का तिथे?"

"कोण असणार? अंत्यविधीनंतर मी पाऊलही ठेवलेलं नाही."

म्हातारी माणसं खोटं बोलताना बशीकडे बघतात. डेर्क बशीकडे बघत होता. त्यार्कने ते पाहिलं आणि सोडून दिलं, कारण त्याला ती किल्ली हवी होती.

त्या घरात त्यार्क दोन वर्षं राहिला होता. कायद्याचा विद्यार्थी म्हणून आला आणि दुसऱ्या वर्षी पुस्तकं बांधून परत केली. त्या वर्षीच्या आत्याच्या वाढदिवसाला सगळं खानदान गोल करून बसलं होतं. दहा खुर्च्या, मांडीवर बशी, बशीत केकचा एकच तुकडा. सगळ्यात धाकटा म्हणून त्यार्क नेहमीसारखा दाराजवळच्या स्टुलावर. एकेकाने त्याचे कान उपटायला सुरुवात केली. उजवीकडून निघाले आणि डावीकडे येऊन संपले, हजेरी घ्यावी तसे. तो उठला, कोट घेतला आणि गेला. पाच वर्षं झाली. मागच्या वर्षी फेब्रुवारीत आत्या गेली, तेव्हा मातीलाही तो गेला नाही.

पण राग माणसांवर होता. शहराने त्याचं काय वाकडं केलं होतं?

२

ग्रोनिंगनला तिथले लोक नावाने हाक मारत नाहीत. नुसतं 'शहर' म्हणतात, जणू जगात दुसरं झालंच नाही. शुक्रवारी दुपारी गाडी शहरात शिरली तेव्हा त्यार्क लहान पोरासारखा खिडकीला चिकटून उभा होता.

"तो बघ. तो उंच मनोरा. त्याला सगळे करडा म्हातारा म्हणतात."

"तुला आवडतो?" मिर्तेने विचारलं.

"या गावात मला आवडणारा तो एकटाच म्हातारा."

मिर्ते हसली. लग्नाला सहा महिने झाले होते आणि ती अजून त्याच्या विनोदांना हसत होती. रॉटरडॅममध्ये तो लिफ्ट दुरुस्त करायचा, ती बालवाडीत शिकवायची. तिथल्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीतून दोघांना फक्त दुसऱ्या खोल्या दिसायच्या. त्यार्कने मनाशी ठरवलं होतं: रविवारी, परतीच्या गाडीआधी, मनोऱ्यावर चढायचं आणि तिला विचारायचं, की इथे राहायला यायचं का. या शहरात परत यायची त्याची इच्छा पाच वर्षं कुजत पडली होती. यायचं तर तिच्यासकट यायचं. ती नाही म्हणाली तर विषय संपला. म्हणून हे दोन दिवस नीट जायला हवे होते.

आत्याचं घर बागेमागच्या गल्लीत. तळमजला, रस्त्यालगत मोठी खिडकी, पडदा नाही. खिडकीत सात कुंड्या. कुलूप एका झटक्यात उघडलं. आत धुळीचा वास यायला हवा होता, आला मेणाचा. लाकडाला लावतात तसल्या मेणाचा.

"छान ठेवलंय रे," मिर्ते म्हणाली. तिने कुंडीत बोट खुपसलं. "माती ओली आहे."

"शेजारीण घालत असेल पाणी."

"वीस महिने?"

"म्हाताऱ्यांना दुसरं काय काम असतं?"

बैठकीच्या खोलीत दहा खुर्च्या भिंतीला पाठ लावून ओळीत उभ्या होत्या, प्रत्येकीवर हिरवी गादी. स्टूल बाहेर पॅसेजमध्ये होतं, कोटांच्या खुंट्यांखाली, भिंतीकडे सरकवलेलं. त्यार्कने जाता जाता त्याला पायाने एक टोला दिला. ओळख म्हणून.

३

मिर्ते संडासात गेली आणि आतून तिचं हसू ऐकू आलं.

"लबाडा!" ती ओरडली. "आत्याला सांगितलं होतंस म्हणजे माझ्याबद्दल!"

तो दाराशी गेला. वाढदिवसांचं कॅलेंडर भिंतीवर होतं, इकडे सगळ्यांच्या संडासात असतं तसं. त्यात साल नसतं, वार नसतो, नुसत्या तारखा आणि त्यांच्यापुढे नावं, म्हणून एकदा टांगलं की जन्माला पुरतं. मिर्तेने जूनचं पान वर धरलं होतं. तीन जून: मिर्ते.

"दुसरी कुणीतरी मिर्ते असेल," तो म्हणाला.

"तुमच्या घरात? आणि तीन जूनचीच?"

अक्षर आत्याचं होतं. शेवटच्या अक्षराची शेपटी ती रेघेखाली ओढायची, मांजराने ताणून आळस द्यावा तशी. मिर्तेच्या नावालाही ती शेपटी होती. आणि आत्या गेली फेब्रुवारीत, मिर्ते त्याला भेटली त्याच वर्षीच्या मे महिन्यात, एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये.

त्याने पानं चाळली. मेलेल्यांची नावं तशीच होती, फक्त शेजारी बारीकसा क्रूस. आत्याची ती पद्धत. जानेवारीत त्याचं स्वतःचं नाव सापडलं. क्रूस नव्हता. पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती नावावरून.

"अय्या," मिर्ते म्हणाली. "तुला खोडलं?"

"पट्टी लावून खोडलं. म्हातारीचं काम नेटकं."

मग त्याला दुसरी गोष्ट दिसली. ती मघाच दिसायला हवी होती. कॅलेंडर ऑक्टोबरवर उघडं होतं. बाई फेब्रुवारीत मेली आणि पान मात्र ऑक्टोबरचं.

त्याने तिथेच उभ्या उभ्या बापाला फोन लावला.

"बाबा, संडासातल्या कॅलेंडरवर मिर्तेचं नाव कुणी लिहिलं? तुम्ही?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"कुठल्या महिन्यावर उघडं आहे ते?" बापाने विचारलं.

"ऑक्टोबर."

"भिंतीकडे तोंड करून ठेव."

"का?"

"धूळ बसते," डेर्क म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

४

रात्री काही झालं नाही. दोघं बेशुद्ध झोपली आणि सकाळी उन्हाने उठवली. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी अंधारात घडतात असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या घराची दुपार बघितलेली नाही.

शनिवारी मोठ्या चौकात बाजार असतो. त्यार्कने मिर्तेला सगळं दाखवलं: ज्या पायरीवर बसून त्याने कायद्याचं पुस्तक न वाचता दोन वर्षं काढली ती पायरी, ज्या पुलावरून त्याची सायकल कालव्यात गेली तो पूल. इथला अंड्याचा गोळा खायला घातला, तळलेला, बोट भाजेल इतका गरम. त्यासाठी तो वीस मिनिटं रांगेत उभा राहिला आणि मिर्ते फुलांच्या गाड्यांमध्ये फिरत होती. परत आली ती लाल नाकाने आणि चमकत्या डोळ्यांनी.

"त्यार्क," ती म्हणाली, "इथे राहायला येऊया का?"

त्याच्या हातातला गोळा तसाच राहिला. जे विचारायला त्याने दोन दिवस धीर गोळा केला होता, ते तिने रस्त्यात सहज विचारलं.

"खरंच?"

"मला कुठे असं ओळखीचं वाटलंच नाही रे कधी. येणारेजाणारे 'मोय' म्हणतात, मान हलवतात."

"तो इथला नमस्कार आहे. इथे सगळे सगळ्यांना मोय म्हणतात."

"म्हणू देत की. मला कोण म्हणत होतं?"

मिर्तेच्या घरी ती आणि आई, बस. आई गेल्यावर ती एकटी. तिने एकदा सांगितलं होतं: वाढदिवसाला आमच्याकडे दोनच खुर्च्या असायच्या. त्याला गोल म्हणत नाहीत, त्याला समोरासमोर म्हणतात. त्यार्कला खानदानाचा जितका तिटकारा, तितकीच तिला त्याची भूक. तिला ही भूक आहे हे त्याला ठाऊक होतं. ती किती मोठी आहे हे ठाऊक नव्हतं.

चीजच्या दुकानापाशी गल्ल्यामागची थोराड बाई मिर्तेकडे बघून म्हणाली, "वीर्सेमांची ना तू? अभिनंदन हं."

"कशाबद्दल?"

"आज बारा तारीख. हिल्येचा वाढदिवस."

त्यार्क मध्ये पडला. "बाई, ती मेली."

"हो की, मी गेले होते ना मातीला," बाई म्हणाली आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू नव्हतास. मेली म्हणून वाढदिवस बदलतो का रे?"

मिर्तेने मसाल्याचा एक केक विकत घेतला. "असू दे," ती म्हणाली. "तिच्या घरात राहतोय आपण."

५

दीड वाजता ते घरी आले. दार उघडल्याबरोबर ताज्या कॉफीचा वास आला.

बैठकीत दहा खुर्च्या गोल लावलेल्या होत्या.

गोल अगदी बरोबर होता. प्रत्येक दोन खुर्च्यांत एका गुडघ्याची जागा, मध्ये छोटं टेबल, टेबलावर दहा कप उपडे बशीवर. आत्याची हातांची खुर्ची खिडकीला पाठ करून, तिच्या नेहमीच्या जागी. खिडकीतून ऊन येत होतं आणि गाद्यांचा हिरवा रंग भिंतीवर पडला होता.

"त्यार्क," मिर्ते म्हणाली. आवाज भरून आला होता. "हे तू केलंस? माझ्यासाठी?"

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. सकाळभर दोघं बरोबर होती. त्या वीस मिनिटांखेरीज. बाजारापासून घर सात मिनिटांवर, आणि किल्ली तिच्या पिशवीत होती. सात जायला, सात यायला, सहा मिनिटांत दहा खुर्च्या. जमतं. नाक लाल झालं होतं, म्हणजे पळत आली असेल. तिला खेळ करायचा होता तर करू दे. हिशेब लागला तसं त्याला बरं वाटलं. फक्त आत्याची कुठली खुर्ची कुठे असते हे तिला कसं कळलं, तेवढा प्रश्न त्याने बाजूला सारला.

"मी नाही केलं," तो म्हणाला. "तूच केलंस."

"हो का?" ती हसली. "बरं, मी तर मी."

तो हात धुवायला म्हणून संडासात गेला आणि दार लावून उभा राहिला. पाच वर्षांपूर्वीच्या वाढदिवसांना तो इथेच लपायचा. भिंत पातळ होती. पलीकडून तेव्हा जे यायचं तेच आताही आलं: हलकी, एकसारखी कुजबूज, चमच्याचा बशीवर टिंग, कुणाचा तरी खाकरा. दहाएक माणसांची दुपारची बोलणी. शब्द कळत नाहीत, फक्त मान्य नसल्याचा सूर कळतो. आणि त्या कुजबुजीत एकदा मिर्तेचं हसू.

त्याने दार उघडलं. आवाज थांबला नाही, तर बाहेरच्या माणसाला बघून गप्प व्हावं तसा विरला. मिर्ते खोलीच्या मधोमध एकटी उभी होती, हातात केकची सुरी.

"कुणाशी बोलत होतास आत?" तिने विचारलं.

६

त्या क्षणी निघायला हवं होतं. ते त्यालाही कळलं. पण त्या गोलाकडे बघताना त्याच्या डोक्यात भीतीच्या आधी संताप चढला. पाच वर्षं झाली, बाई मातीत गेली, आणि तरी यांना गोल लावून बसायचंच आहे! बसा. यावेळी बोलणार मी.

"चल, करूया वाढदिवस," तो म्हणाला. "रीतीप्रमाणे. सगळ्यांचं अभिनंदन."

आत्याचा वाढदिवस असला तरी आलेल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. वहिनीचं नणंदेबद्दल, शेजाऱ्याचं शेजारणीबद्दल. कोण कुठे बसतं ते त्याला पाठ होतं. तो दारापासून सुरू झाला. रिकाम्या खुर्चीपुढे हात धरायचा आणि हवेत झटकायचा.

"सीब्रान्ड काका, अभिनंदन! दातांचे डॉक्टर, पण आयुष्यभर तोंड उघडं ठेवलंत ते स्वतःचं. फ्राउके काकू, अभिनंदन! पोराचं कसं चाललंय विचारताना डोळा केकच्या मोठ्या तुकड्यावर, तसाच राहू दे. बाबा, अभिनंदन! हजारो पोरांची हजेरी घेतलीत. घरी कधी विचारलंत, त्यार्क, हजर आहेस का?"

मिर्ते आधी खुदखुदली. मग तिचं हसू थांबलं. "पुरे ना," ती म्हणाली.

तो आत्याच्या खुर्चीपुढे येऊन थांबला. इथे हात पुढे केला नाही.

"आणि तू. तुझं अभिनंदन नाही. तू मला खोली दिलीस, जेवू घातलंस, तापात उशाशी बसलीस. आणि त्या दिवशी सगळे माझ्यावर तुटून पडले तेव्हा तू काय केलंस? कॉफी ओतत राहिलीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, पुरे. तुझं मी अभिनंदन करणार नाही. आज नाही, कधीच नाही."

खोलीत कुठेतरी बशीवर चमचा ठेवल्याचा आवाज झाला. एकदाच.

"संपलं तुझं?" मिर्ते म्हणाली. तिने सुरी टेबलावर ठेवली आणि हात रुमालाला पुसले. "सरक. मी नीट करते."

ती दारापासून सुरू झाली. पहिल्या खुर्चीपुढे वाकून तिने हात पुढे केला. "मिर्ते. अभिनंदन." दुसऱ्या खुर्चीपुढे, "मिर्ते. अभिनंदन." बालवाडीतली बाई, नाटक चांगलं करते, त्यार्कला वाटलं. चौथ्या खुर्चीपाशी तिचा हात दोनदा वरखाली झाला, तिने न हलवता. सहाव्या खुर्चीपाशी ती जरा थांबली आणि म्हणाली, "हो, त्यार्कचीच." मग हसली. "नाही हो, तितका वाईट नाही तो."

"मिर्ते," तो म्हणाला.

ती आत्याच्या खुर्चीपर्यंत पोचली. मानाच्या माणसाला नुसता हात देऊन चालत नाही, गालाला गाल लावून तीन पापे घ्यायचे असतात. मिर्ते वाकली. उजवा गाल, हवेत. डावा गाल, हवेत. पुन्हा उजवा.

तिसऱ्या वेळी तिचा गाल दबला.

ऊन थेट तिच्या तोंडावर होतं, चुकायला जागा नव्हती. बोटाने दाबावा तसा नाही. दुसरा गाल टेकल्यावर दबतो तसा, रुंद आणि सपाट, डोळ्याखालची कातडी किंचित वर सरकवत. एक क्षण तो तसाच दबलेला राहिला, म्हाताऱ्या बायका जरा जास्तच वेळ धरून ठेवतात तसा. मग सुटला आणि हळूहळू भरून आला.

७

त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत बागेपर्यंत आणलं, तलावाकाठच्या बाकावर बसवलं. अडीच वाजले होते. बदकं, बाबागाड्या, गवतावर बियर पिणारी कॉलेजची पोरं. मिर्ते गाल पुसत नव्हती. त्यावर हात ठेवून बसली होती, जपल्यासारखा.

"गार होता," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. किती गोड आहेत रे सगळे. तू उगाच मला घाबरवून ठेवलं होतंस."

तो वीस पावलं लांब गेला आणि त्याने फोन लावला.

"बाबा, आज बारा तारीख."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं!"

डेर्कने हळूच विचारलं, "खुर्च्या गोल लागल्या का?"

"लागल्या," त्यार्क म्हणाला.

"स्टूल कुठे आहे, त्यार्क? आत की बाहेर?"

"बाहेर. कोटांखाली."

बापाने श्वास सोडला. "मग तू सुटलास."

"कशातून सुटलो?"

"कुणीतरी जावं लागतं रे. गेल्या वर्षी मी गेलो होतो. अभिनंदन केलं, कॉफी घेतली, आलो."

"म्हणजे पाऊलही ठेवलं नाही म्हणालात ते?"

"ते सोड," डेर्क म्हणाला.

"कॉफी कुणी ओतली, बाबा?"

या प्रश्नाचं उत्तर डेर्क वीर्सेमाने तेव्हा दिलं नाही आणि आजतागायत दिलेलं नाही.

"या वर्षी माझ्याने होईना," तो म्हणाला. "माझे गुडघे…"

"गुडघे!" त्यार्क इतक्या जोरात ओरडला की बदकं उडाली. "गुडघे दुखतात म्हणून मला पाठवलंत? तिला पाठवलंत? न सांगता?"

"सांगितलं असतं तर गेला असतास? तुझं नाव तसंही खोडलेलं, तुला काय होणार, असं वाटलं. आणि पोरीने नुसतं अभिनंदन केलं तरी हरकत नाही. हात मिळवला तरी नाही. तिने… पापे नाही ना घेतले?"

त्यार्कने मागे वळून पाहिलं. बाकावर कुणी नव्हतं.

८

खिडकीला पडदा नव्हता, त्यामुळे रस्त्यावरून सगळं दिसत होतं.

कप आता सुलटे होते. दहाही कपांतून वाफ निघत होती. केक कापलेला होता, प्रत्येक बशीत एक तुकडा, जास्त नाही. मिर्ते आत्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. गुडघे जुळवलेले, बशी मांडीवर. ती कधी डावीकडे वळून ऐकायची, कधी उजवीकडे, योग्य जागी मान हलवायची, योग्य जागी हसायची. बाकीच्या नऊ खुर्च्या रिकाम्या होत्या. पण त्यांच्या हिरव्या गाद्या खाली दबलेल्या होत्या, मधोमध, बसल्यावर दबतात तशा.

स्टूल आत आलं होतं. दाराजवळ. त्याची गादी फुगलेली होती.

मिर्तेने त्याला पाहिलं आणि ती उठून खिडकीशी आली. वरची झडप उघडून म्हणाली, "अरे, बाहेर काय उभा? ये ना. थंड होईल."

"मिर्ते, बाहेर ये. आपली गाडी आहे."

"गाडी उद्या आहे. हे बघ, तुझं स्टूल ठेवलंय. आत्या म्हणतात…" ती मागे वळली, तिने ऐकलं. "म्हणतात, झालं गेलं सोडून दे. एक शब्द म्हण. अभिनंदन. एवढंच. मग खोडलेलं पुसून टाकतील."

"आणि मग आपण निघायचं?"

"मग बसायचं," मिर्ते म्हणाली. त्यात काय विचारायचं, असा चेहरा होता तिचा. "त्यार्क, तुलाच इथे राहायचं होतं ना? माझ्याबरोबर? मग ये की. तुला किती जड जातंय रे एक शब्द म्हणायला. माझ्यासाठी म्हण."

तिच्या श्वासाने काचेवर वाफेचा ठिपका उमटला. त्याच्या शेजारी, वीतभर खाली, आत्याच्या उंचीवर, दुसरा ठिपका उमटला. तो लहान झाला. पुन्हा मोठा झाला.

किल्ली तिच्याकडे होती, पण दार नुसतं लोटलेलं होतं. आत जायचं तर त्या स्टुलावरून जावं लागणार होतं. लाथ मारून उडवता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पॅसेजमध्ये काल त्याने त्याला पाय लावलाच होता, आणि ते आज आत येऊन बसलं होतं. त्याला एवढंच कळलं, की दारातून आत गेलेला त्यार्क बसल्याशिवाय बाहेर येणार नाही. आणि शब्द? शब्द जिभेवर होता. पाच अक्षरं. तो म्हटला असता तर बायको मिळाली असती, शहर मिळालं असतं. आणि मग तो दर वर्षी दाराजवळ बसून कान उपटून घेत राहिला असता, कधी संपणारच नाही अशा दुपारी, आणि म्हणत राहिला असता की हो, चूक माझीच.

"नाही," तो म्हणाला.

"त्यार्क."

"नाही! ऐकू येतंय का आत सगळ्यांना? तेव्हा नाही म्हटलं, आज नाही म्हणतो. तुम्ही मेलात तरी नाही!"

काचेवरचा खालचा ठिपका आटला आणि पुन्हा उमटला नाही. आत लाकूड लाद्यांवरून घासल्याचा आवाज झाला. त्याने पाहिलं तेव्हा दाराजवळची जागा मोकळी होती.

मिर्तेला राग आला नाही. दारावर काही विकायला आलेल्या माणसाला म्हणावं तसं ती सौजन्याने म्हणाली, "बरं तर," आणि तिने झडप लावून घेतली.

९

मिर्ते त्या घरात राहते. बापाने ते विकायला काढलं नाही. ती धडधाकट आहे, तिथल्या बालवाडीत शिकवते, फोन केला की उचलते आणि छान बोलते. तिच्या मागे कुजबूज असते. प्रत्येक वेळी शेवटी ती विचारते, "मग, येतोस?" आणि तो म्हणतो, नाही.

बाप म्हणतो, माझं चुकलं. आता म्हणतो! ते वाक्य कुठल्या बशीकडे बघून म्हणतो ते त्यार्कला दिसत नाही, कारण तो त्याच्याकडेही जात नाही.

ग्रोनिंगनला तो गेलेला नाही, गाडी बदलायलासुद्धा नाही. तो एक शब्द त्याने म्हटला नाही. त्यात त्याची बायको गेली आणि शहर गेलं.